गोदूबाईसाठी टीव्ही

टीव्ही टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्यावरून घरात दोन तट पडून आठवडा झाला होता.

एका तटात काळुराम आणि त्याचा मुलगा निकेश. त्यांचं म्हणणं, पंचावन्न इंचाच्या खाली बघायचंच नाही. दुसऱ्या तटात सून प्रणिता आणि लेक भूमिका. त्यांच्या मते त्रेचाळीस इंची पुष्कळ झाला. "दोन खोल्यांच्या घरात पंचावन्न म्हणजे न्हाणीत म्हैस बांधल्यासारखं दिसंल," असं भूमिका पेणवरून फोनवर म्हणाली होती आणि इकडे घरी प्रणिताने ते स्पीकर लावून सगळ्यांना दोनदा ऐकवलं होतं. नणंद-भावजय एका बाजूला, ही गोष्ट वीस वर्षांत पहिल्यांदा घडत होती. निकेश धाटावला कंपनीत फिटर होता, मोठमोठ्या मशिनी खोलून बसवायचा. पण ह्या युतीला तो घाबरला होता.

शेवटी पंचावन्न इंचीच आला, पण अटीवर. रोह्याच्या दुकानदाराने सांगितलं होतं, आठवडाभर घरी लावून बघा, नाही पटला तर परत आणा, फक्त खोका फाडू नका. त्यामुळे शनिवारी सकाळी अंगणात सगळ्यांचं लक्ष टीव्हीपेक्षा खोक्यावरच जास्त होतं.

"हळू रे, हळू! कोपरा बघ कोपरा!"

"वहिनी, सुरी दे. ह्याच्या हातात नको. हा फाडंल."

माहेरी आलेली भूमिका उकिडवी बसली आणि बोयट माशाचं पोट कापावं तशा हलक्या हाताने तिने चिकटपट्टी कापली. प्रणिताने थर्माकोल उचलला. एक तुकडा पडला नाही. काळुराम ओट्यावरून बघत होता. ह्या दोघी खोका इतका जपतात म्हणजे टीव्ही परत जायची खात्री धरूनच बसल्यात, हे त्याच्या लक्षात आलं.

"ठेवायचा म्हणून जपताव बाबा," भूमिका वर न बघता म्हणाली. तिला बापाचं मन पाठीमागूनही कळायचं.

"मी काय बोललो?"

"नाय बोललात. म्हणूनच सांगते."

टीव्ही क्रिकेटसाठी नव्हता. निकेशने तसा विषय एकदा काढून बघितला होता आणि बायकोने एका नजरेत तो मिटवला होता. टीव्ही होता गोदूबाईसाठी.

निकेश-प्रणिताची मुलगी दिशा, तिचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. खाडीकाठच्या ह्या गावांत भटजी नंतर, आधी धवलारीण लागते. देवांना आणि घरच्या पितरांना हाका मारून मांडवात आणायचं, हळदीपासून वरातीपर्यंत ज्या त्या विधीचं गाणं, म्हणजे धवला, गायचा, हे तिचं काम. आजूबाजूच्या पाच गावांची धवलारीण म्हणजे निकेशची आई, काळुरामची बायको. ती जाऊन चौदा महिने झाले होते.

तिची जोडीदारीण गोदूबाई, काळुरामची थोरली वहिनी, दोन घरं सोडून राहायची. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची, असं दोघी जावांनी तीस वर्षं गायलं. पण आठ वर्षांमागे गोदूबाईचे कान गेले. लोकांचं बोलणं ती आता त्यांच्या ओठांवरून ओळखायची, आणि इतकं पक्कं ओळखायची की रस्त्यापलीकडच्या ओट्यावर कोण कोणाची काय निंदा करतं ते तिला घरात बसून कळायचं. तिच्यासमोर कुजबुजण्यात अर्थ नव्हता. कुजबुजताना माणूस ओठ जास्त हलवतो.

"धवला मला येतो," दिशा विचारायला गेली तेव्हा ती म्हणाली होती. "पण पयली ओळ कोन देल? ती दिल्याबिगर पुढची माज्या तोंडात येत नाय गो. तीस वरसं मी झेलतच आल्ये."

दुसऱ्या गावची धवलारीण मिळाली असती. पण तिला ह्या घरचा धवला कुठून येणार? आणि दिशाने हट्टच धरला होता. आजीचा धवला पाहिजे, नाहीतर धवला नको, नुसतं भटजीने लावू दे लग्न. ते ऐकून काळुराम दोन दिवस नीट जेवला नव्हता. ह्या घरातलं लग्न आणि धवल्याशिवाय?

मग निकेशला भूमिकाच्या लग्नाची सीडी आठवली. ती त्याने पेनड्राइव्हवर उतरवून आणली. धवला तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत होता, फक्त आवाज नव्हता. व्हिडिओवाल्याने सगळ्या गाण्यावर सनई चढवली होती. पाऊण तास एकच सनई. खाली तोंडं हलत होती, ऐकू काही येत नव्हतं.

"मग गोदूआजीला दाखवू ना," दिशा म्हणाली होती. "तिला आवाज कशाला लागतो?"

 इतकी सरळ गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. लगेच मोबाइल घेऊन सगळे गोदूबाईकडे गेले. तिने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला आणि परत दिला. "ह्या मुंग्या काय बोलतात ते मी सांगू व्हय?"

म्हणून टीव्ही. म्हणून मोठा टीव्ही.

दुकानातला माणूस काळुरामला मागच्या रविवारी तासभर मासे दाखवत होता. निळ्या पाण्यातले, पिवळे-जांभळे, भिंतभर मासे. "काका, कलर बघा! काळा बघा कसा काळा येतो!" काळुरामने मासे बघितले. "ह्यातला एक तरी खायचा हाय का?" त्याने विचारलं. मग कमरेच्या चंचीतून पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. "आता हे लाव. माला ओठ बघायचेत." दुकानातला माणूस निकेशकडे बघायला लागला. निकेश छताकडे.

दुकानात ओठ दिसले होते. पण दुकानातले सगळेच टीव्ही छान दिसतात. घरी कसा दिसतो ते बघायचं होतं आणि आज शनिवार होता.

"कुठं लावायचा?" निकेशने ड्रिल काढलं.

"इथं." काळुरामने भिंतीवर हात ठेवला. हात त्याच्या स्वतःच्या डोक्याच्याही वर गेला.

"बाबा, तिथं?"

"रेघेच्या वर."

रेघ सगळ्यांना माहीत होती. एका श्रावणात उधाणाच्या भरतीला बांध फुटून खारं पाणी घरात शिरलं होतं. ओसरल्यावर भिंतीवर जिथवर ओल चढली होती तिथे काळुरामने निळ्या तेलरंगाने रेघ मारली. छातीएवढ्या उंचीवर, चारी भिंतींना फिरून. तेव्हापासून ह्या घरात मोलाची वस्तू रेघेच्या खाली राहिली नाही. फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर चढला, पिठाचा डबा फळीवर गेला. बर्फ काढायला स्टुलावर चढावं लागायचं. बाहेरची माणसं हसायची. घरच्यांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

"इंटरनेटवर लिहिलंय, डोळ्यांच्या रेषेत पाहिजे," दिशा म्हणाली.

"त्या इंटरनेटच्या घरात खाडी आली होती का?"

 निकेशने भोकं पाडली. टीव्ही रेघेच्या वर चार बोटं सोडून बसला, त्याचा वरचा काठ जवळजवळ पत्र्याच्या वाशाला टेकला. प्रणिताने मान वर करून बघितलं.

"ताई, म्हैस न्हाणीत नाय, माळ्यावर चढली."

दोघी इतक्या हसल्या की भूमिकाला उंबऱ्यावर बसावं लागलं. काळुरामही हसला. चौदा महिन्यांत ह्या खोलीत इतकं मोठ्याने कोणी हसलं नव्हतं, आणि हसता हसता आधी कोण गप्प होतंय ते आपण ह्या वेळी शोधत बसलो नाही, हे त्याला बरं वाटलं.

गोदूबाईला दिशा हाताला धरून घेऊन आली. नऊवारीचा काष्टा घट्ट, तोंडात मशेरी. दारातच ती थांबली. टीव्ही बंद होता. काळ्या काचेत दार, अंगण, तुळस आणि ती स्वतः दिसत होती.

"काळूभावजी, एवढा मोठा आरसा कशाला आनलास? ह्या वयात कोनाला दावायचंय तोंड?"

काळुरामने तिच्यासमोर येऊन ओठ नीट हलवले. "टीवी हाय वयनी."

"माला म्हाईत हाय टीवी हाय. भैरी झाल्ये, आंधली नाय." ती चटईवर बसली, मान वर केली आणि म्हणाली, "ह्यो देवाच्या फोटूवानी वर का लावलाय? ह्याला हार घालायचाय का?"

निकेशने पेनड्राइव्ह लावला. सनई सुरू झाली आणि भिंतभर मांडव उभा राहिला. सगळ्यांनी एकदम काहीतरी म्हटलं. मग भूमिका ओरडली.

"अगो बाय! मी एवढी जाडी होते?"

मांडवातली सगळी माणसं आडवी पसरली होती. नवरी तर परातीसारखी. नवरदेवाला खांदे होते पण मान नव्हती.

"तू होतीस," निकेश म्हणाला.

"जुना व्हिडिओ ताणलाय टीव्हीने," दिशा म्हणाली. "रुंद करून पूर्ण काच भरवतो. थांबा." तिने रिमोटवर काहीतरी शोधलं. चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं, कडांना काळ्या पट्ट्या राहिल्या आणि माणसं माणसांसारखी झाली.

"म्हणजे पंचावन्न घेतला आणि बघायचा चाळीसच?" प्रणिता म्हणाली. निकेशने ऐकलं नाही असं दाखवलं.

मग रंगाचं निघालं. हळद लागायच्या आधीच सगळ्यांची तोंडं पिवळी झाली होती. दुकानात भडक दिसावं म्हणून ठेवलेला रंग तसाच होता. तो कमी केला. मग दाराचं ऊन काचेवर पडत होतं, त्यात अर्धा मांडव पुसला जात होता. प्रणिताने दारावर गोधडी टांगली. चित्रात चार वर्षांची एक मुलगी फ्रॉक तोंडात धरून नवरीच्या मागे पळाली आणि दिशा किंचाळली, "ही मी आहे? कोणी मला थांबवलं का नाही?"

आणि मग ती आली. मांडवाच्या मधोमध पाटावर बसलेली, हिरवं लुगडं, हातात तांदळाचं सूप. शेजारी गोदूबाई, तेव्हाची, केस काळे. काळुरामने तोवर टीव्हीकडे टीव्ही म्हणून बघितलं होतं. आता तो चटईवरून थोडा पुढे सरकला.

तिचा चेहरा पांढुरका होता. डोळ्यांच्या जागी सावली, ओठ तर नव्हतेच, फिकट जागेत फिकट काहीतरी हलत होतं. आजारपणात शेवटी शेवटी ती अशी दिसायची. दुकानात अशी दिसली नव्हती.

"वयनी?" त्याने गोदूबाईकडे बघितलं.

गोदूबाई मान वर करून, डोळे बारीक करून बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते. "नाय," ती म्हणाली. "नाय दिसत."

 सनई चालू होती. दिशा उठली आणि आत पाणी प्यायला गेली. पाणी प्यायला नव्हती गेली, हे सगळ्यांना कळलं. नऊ दिवसांत आता दुसरा कुठला टीव्ही आणायचा?

"टीव्ही खराब आहे," भूमिका हळूच म्हणाली. "परत देऊ. खोका चांगला आहे."

"खराब नाय," निकेश म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

दिशा आतून परत आली. टीव्हीजवळून चालताना ती मध्येच थांबली. ती उंच होती, बापावर गेलेली.

"आई, इकडे ये. उभी राहा इथे."

प्रणिता उठली.

"काय दिसतं?"

"अगं... चांगल्या दिसतात की आजी तुझ्या. रंगसुद्धा नीट आहे."

"आता खाली बस."

प्रणिता बसली. "गेला रंग."

"उभी राहा."

"आला."

निकेशच्या डोक्यात प्रकाश पडला. तो उठबस करून बघायला लागला. भूमिकाही उठली. काही वेळ सगळं घर कवायत केल्यासारखं उठत होतं आणि बसत होतं. टीव्ही समोरून चांगला होता, खालून बघितलं की पांढरा पडत होता. दुकानात तो डोळ्यांसमोर होता आणि इथे डोक्यावर.

"म्हणजे खाली घ्यायचा," प्रणिता म्हणाली. "हातभर खाली."

"रेघेच्या खाली नाय," काळुराम म्हणाला.

"बाबा, लग्नापुरता."

"पानी सांगून येतं का? लग्नापुरता थांबा म्हनून?"

"मग काय करायचं?"

"आपुन वर जावू," काळुराम म्हणाला.

तो हे खरंच म्हणाला. आणि गंमत अशी की दोन मिनिटं ते सगळ्यांना पटलंही. ह्या घराला सवयच होती, वस्तू वर ठेवायची आणि तिच्यापर्यंत आपण चढायचं. खाट ओढून आणली. निकेश तिच्यावर उभा राहिला. भूमिका फ्रिजच्या चौथऱ्याच्या काठावर चढली, एका हाताने फ्रिजला धरून. प्रणिताने भाताच्या दोन गोणी एकमेकींवर टाकल्या आणि वर चढून बसली. गोदूबाई उंचीने साडेचार फूट. तिच्यासाठी खाटेवर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आणि निकेश-दिशाने तिला दोन्ही बाजूंनी उचलून वर बसवलं.

तेवढ्यात मागच्या घरची नम्रता ताक घ्यायला आली. गोधडी बाजूला करून तिने आत बघितलं. सगळं घर जमिनीपासून वर, सगळे भिंतीकडे बघतायत, मधोमध खाटेवर खुर्चीत गोदूबाई.

"बांध फुटला का काय?" ती घाबरून म्हणाली.

निकेश हसायला लागला, खाट हलली, खुर्चीचा एक पाय दोन पट्ट्यांच्या मधे गेला आणि गोदूबाई डावीकडे कलंडली. दिशाने तिला कमरेला मिठी मारून धरलं. खुर्ची खाली पडली. गोदूबाई दिशाच्या अंगावर, पदर सुटलेला, पण पडली नाही.

 काळुराम धावत पुढे गेला. गोदूबाईने पदर सारखा केला, खाटेवर मांडी घातली आणि त्याच्याकडे रोखून बघितलं.

"काळूभावजी, पानी येल तवा येल. माजा मुडदा त्याच्या आदी पाडतोस का?"

"वयनी, माला काय म्हाईत..."

"तुला सगलं म्हाईत हाय. तू घरातलं सगलं वर टांगून ठेवलंस. ती पन वर बसल्ये, तिथून खाली बघत्ये आनि कोनाला दिसत नाय. उतरव तिला. माज्या समोर बसव."

काळुराम भिंतीकडे वळला. निळ्या रेघेवर त्याने बोट ठेवलं. मारली तेव्हा निकेशच्या आईने डबा धरला होता, आणि इतकी वर कशाला, असंही म्हणाली होती. पुन्हा पाणी कधी आलं नाही. पण दर उधाणाला तो दारात उभा राहायचा.

"निकेश."

"हां बाबा."

"उतरव."

"किती?"

काळुराम चटईवर बसला. हात सरळ पुढे केला, आपल्या डोळ्यांसमोर. रेघेच्या कितीतरी खाली. "इथं मधलं येव दे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण प्रणिता गोणीवरून उतरून न सांगता चहा ठेवायला गेली. नम्रताही ताकाचं विसरून चटईवर बसली. अर्ध्या तासात चार नवी भोकं पडली. जुन्या भोकांतून चुना गळत राहिला. निकेशने टीव्ही अडकवला, बाजूला झाला आणि कपाळ पुसलं. "आता पुन्हा हलवायला सांगाल तर बघा."

सनई पुन्हा सुरू झाली. मांडव. फ्रॉक तोंडात धरलेली दिशा. मग पाट, सूप, हिरवं लुगडं.

ह्या वेळी ती समोर होती. गालांना रंग होता. कपाळावरचं गोंदण दिसत होतं. वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर तीळ होता, तोसुद्धा दिसत होता. जवळून चित्राला थोडे दाणे पडत होते, म्हणून निकेशने सगळ्यांना दाराकडे मागे सरकवलं, तिथून ते दाणेही गेले. तिने सूप हलवलं, मान एका बाजूला केली आणि तोंड उघडलं.

गोदूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होती. तिचे ओठ थोडे हलले. थांबले. पुन्हा हलले. मशेरी तिने कधीच थुंकून टाकली होती.

आणि मग, सनईच्या वर, तिचा आवाज निघाला. आठ वर्षं स्वतःला ऐकू न आलेला आवाज. आधी घोगरा, जागेवर नसलेला. दुसऱ्या ओळीला तो जागेवर आला.

"खाडीच्या वाटेनं येवा गो, भरतीच्या आदी येवा...
मांडवात पाट मांडलाय गो, बसाया वेगी येवा..."

प्रणिता चहाची किटली घेऊन दारात थांबली. दिशाने पटकन वही उघडली आणि लिहायला लागली. भूमिकाने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून चटईवर ठेवला. पहिली ओळ काचेतल्या ओठांवरून यायची, गोदूबाई ती गायची आणि पुढची झेलायची. झेलताना तिची मान काचेतल्या मानेबरोबर हलायची, अगदी त्याच बाजूला. कोणीतरी रिमोट दाबून सनई बंद केली. गोदूबाईला ते कळलं नाही, ती गातच राहिली.

एका ठिकाणी व्हिडिओवाल्याने आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. त्या नेमक्या तोंडावर पडत होत्या. "मेला!" गोदूबाई गाता गाता म्हणाली आणि पाकळ्या संपेपर्यंत थांबली. सगळे हसले. पाकळ्या संपल्या आणि तिने ओळ जिथे सोडली होती तिथून उचलली.

"हळदीचा झाला," दिशा वहीचं पान उलटत म्हणाली. "पूर्ण मिळाला." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "आता देवांना बोलावलं. आता काय आहे?"

काचेत निकेशची आई एकेक नाव घेत होती आणि प्रत्येक नावाला चिमूटभर तांदूळ सुपातून मांडवात टाकत होती. गोदूबाईने हात वर केला. दिशाने चित्र थांबवलं.

"ही पितरांची नावं," गोदूबाई म्हणाली. "ती तवाची. ती नाय चालत. दर लग्नाला घरच्या मोठ्या बाप्यानं नवी सांगायची, मंग मी बोलवायची. सांगनाऱ्यानं सांगितल्याबिगर धवलारनीनं आपल्या मनानं नाव घ्यायचं नाय." ती वळून काळुरामच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "सांग. कोन कोन येनार हाय पोरीच्या लग्नाला?"

काळुरामने आज्याचं नाव सांगितलं, तिने गायलं. आजीचं. बापाचं, आईचं. मग तो थोडा थांबला, कारण पुढचं नाव त्याच्या थोरल्या भावाचं होतं, गोदूबाईच्या नवऱ्याचं. "जनू," तो म्हणाला.

गोदूबाईने डोळेसुद्धा मिटले नाहीत. "जनूबा पितर येवा गो," तिने गळा मोकळा सोडून गायलं, "भरतीच्या आदी येवा." मग श्वास घेतला आणि हसली. "जल्मात घेतलं नाय मी त्याचं नाव. धवल्यात घेता येतं. पुढं?"

"झाली," काळुराम म्हणाला.

"झाली नाय."

"निकेशची आय," तो म्हणाला.

"आशी माला धा म्हाईत हायत. निकेश नावाची पोरं गावात कमी हायत का? वाट चुकंल ती. नाव दे."

 पंचेचाळीस वर्षं तो तिला अगो म्हणाला होता, ऐकतेस का म्हणाला होता, पोरं झाल्यावर निकेशची आई म्हणाला होता. लग्नात घास भरवताना बायकांनी नाव घ्यायला अडवलं तर भूक नाय म्हणून ताटावरून उठला होता. दवाखान्याच्या कागदावर नाव सांगायची वेळ आली तेव्हा निकेशला पुढे केलं होतं. ती गेल्यावर तर कोणाला हाक मारायचा प्रश्नच उरला नव्हता.

गोदूबाई त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. तिला घाई नव्हती.

त्याला कळलं की हिला आवाज लागत नाही. त्याने ओठ उघडले आणि नाव घेतलं. आवाज अजिबात काढला नाही. तीन अक्षरं, नुसती ओठांवर. शेजारी बसलेल्या दिशालाही काही ऐकू आलं नाही.

गोदूबाईला ऐकू आलं. तिची मान त्याच बाजूला कलली, सुपात हात घालावा तशी बोटं जुळली, आणि तिने इतक्या मोठ्याने हाक मारली की रस्त्यापलीकडच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"सगुनाबाय येवा गो, भरतीच्या आदी येवा! नातीच्या मांडवात गो, जोडीला बसाया येवा!"

भूमिका रडत होती आणि प्रणिता तिला पदराने पुसत होती, स्वतःचं नाक लाल. निकेश टीव्हीच्या वायरींमधे उगाच काहीतरी शोधत होता. दिशाने वहीत नावांची यादी खाली खाली वाचली आणि शेवटी पेन थांबवला.

"आजोबा, शेवटचं नाव कोणतं दिलंत? मला ऐकू नाही आलं. लिहायचंय."

काळुरामने घसा साफ केला.

"सगुणा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग स्वतःच्या आवाजाची लाज वाटून सुनेकडे वळला. "आनि प्रणिता, तो खोका लाकडांबरोबर जाळून टाक. टीवी परत जात नाय."